पातं थांबेपर्यंत

आमचे मिस्त्री कशाला म्हणून घाबरत नाहीत, असं सगळे म्हणतात. म्हणायला काय जातंय! आमच्या घरात घाबरायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे आणि ते मी इमानेइतबारे करत आले आहे.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. गिऱ्हाइकं त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे 'आरामात'. कारण दुसरा शब्दच नाही त्यांच्या तोंडी. दार कधी मिळेल? आरामात. अहो, दुधाचं पातेलं करपतंय! आरामात. लग्नाची बोलणी चालू असताना माझ्या वडिलांनी विचारलं, "काम आणि संसार दोन्ही जमेल ना रे?" तर तेव्हाही हेच उत्तर. वडील हसले. आई हसली नाही.

कारखाना माझ्या वडिलांचा. कारखाना कसला, दोन खोल्या. मागच्या खोलीत करवतीचं मशीन, पुढच्या खोलीत माझं घासायचं आणि पॉलिशचं काम, मध्ये फळ्यांची भिंत आणि तिला एक दार. मिस्त्री चोविसाव्या वर्षी वडिलांकडे कामाला आले आणि तिथलेच जावई झाले. त्यांचे मित्र अजून चिडवतात, "मशीन आवडलं म्हणून पोरगी केलीस लेका!" हे नुसते हसतात. मला संशय आहे की ते खरं असावं.

मशीन म्हणजे ओतीव लोखंडाचं टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली पट्टा आणि मोटर. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नावाची पट्टी पुसून पुसून इतकी गुळगुळीत झालीय की तिच्यावर एक सातचा आकडा तेवढा वाचता येतो. मिस्त्री मशीनला म्हातारी म्हणतात. बेअरिंगं बदलली, पट्टे किती बदलले त्याला गणती नाही, बटणं बदलली. आता म्हातारीत जुनं उरलंय ते टेबल, पात्याचा शाफ्ट आणि तिचा स्वभाव.

स्वभाव असा, की बटण बंद केलं तरी पातं थांबायचं नाही. पट्टा ओढणार नाही, मोटर गप्प, पण पातं आपलं फिरतंय, फिरतंय, सुईईई करत हळूहळू उतरतंय. थांबेपर्यंत एकशे दहा आकडे मोजून व्हायचे. माझी आई मोजायची. भाजी चिरत असो की फरशी पुसत असो, मागून मशीन बंद झाल्याचं कळलं की तिचे ओठ हलायला लागायचे. एकशे दहा झाले की "हं" म्हणायची आणि मगच पुढचं बोलायची. मला पाढे यायच्या आधी ते एकशे दहा आकडे यायला लागले. आई गेली आणि मोजणं माझ्याकडे आलं. बाकी दागिनाबिगिना काही आला नाही, हे आलं.

मिस्त्रींना या मोजण्याची गंमत वाटायची. "अगं, पातं ऐकू येतंय ना मला. थांबलं की कळतं." आणि ते खरंही होतं. बरीच वर्षं होतं.

मग त्यांचे कान गेले. पूर्ण नाही गेले, आणि तीच पंचाईत झाली. माणसाचं जाड आवाजातलं बोलणं येतं, ट्रक येतो, दार आपटलेलं येतं. बारीक, वरच्या पट्टीतलं काही येत नाही. फोनची घंटा नाही, शिट्टी नाही, कुकर तर नाहीच. चाळीस वर्षं म्हातारीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, या रेघेच्या वरचं सगळं गेलं म्हणून. मिस्त्रींनी कागद बघितला आणि विचारलं, "पेन्सिल कुठली वापरता?"

पण म्हातारीची नस त्यांना हाताला कळायची. टेबलावर तळवा ठेवला की सांगायचे, पट्टा सैल आहे, बेअरिंग कोरडं पडलंय. कान माझे, तळवा त्यांचा, असं आमचं चाललं होतं. त्यांना हाक मारायची सोयही मी केली. करवतीवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही आणि हात लावायचा नाही, हा वडिलांचा कडक नियम. माणूस दचकला की संपलं. म्हणून मी त्यांच्या समोरच्या भिंतीवर एक लाल फडकं टांगलं आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून माझ्या खोलीत घेतली. दोरी ओढली की फडकं हलतं. फडकं हललं की काही झालं तरी दोन्ही हात वर घ्यायचे आणि दाराकडे बघायचं, असं त्यांच्याकडून मी शपथेवर कबूल करून घेतलं. त्यांनी शपथ घेतली, आरामात.

आणि मग यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते झालं. मी चहा घेऊन दारात उभी होते. यांनी मशीन बंद केलं, पाठ वळवून पट्टीने काहीतरी मोजलं, आणि परत फिरून पात्याजवळ पडलेला तुकडा उचलायला सरळ हात घातला. पातं फिरत होतं. माझं मोजून पन्नासही झाले नव्हते. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. फिरणारं पातं नुसतं बघितलं तर थांबल्यासारखंच दिसतं, दाते दिसत नाहीत, चकचकीत गोल थाळी वाटते. हात पात्यापासून चार बोटांवर असताना तुकडा आपसूक टेबलावरून खाली घसरला आणि हे तो उचलायला वाकले. चहा माझ्या पायावर सांडला आणि मला ते नंतर कळलं.

"काय गं, काय झालं?" म्हणाले.

मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. डोळे मिटले की ती चार बोटं दिसायची.

मी घर डोक्यावर घेतलं. एक तर म्हातारी बंद करा, नाहीतर ब्रेकवाली मोटर बसवा. हे दोन आठवडे "बघू, आरामात" करत राहिले. शेवटी मीच बाजारात गेले, मोटरवाल्याला मशीनवर आणून मापं घेववली आणि मोटर बसवून घेतली. सोबत ब्रेकची एक पेटी. बटण बंद केलं की ती पेटी मोटरला आतूनच धरते आणि पातं सहा आकड्यांत थांबतं. एकशे दहाचे सहा! मोटरवाला प्रामाणिक माणूस. जाताना म्हणाला, "काकू, एक उणीव आहे. हा ब्रेक विजेवर लागतो. मेन स्विच पाडला किंवा वीज गेली तर लागणार नाही, पातं पहिल्यासारखं आपलं आपण थांबेल." मी म्हटलं, चालेल. यांच्याकडून नवीन कबुली घेतली, की आता प्रत्येक तुकड्यानंतर मशीन बंद करायचं, थांबू द्यायचं, मगच हात घालायचा. ब्रेक आहे तर वापरायचा. त्यांनी मान डोलावली आणि ते ती कबुली पाळायलाही लागले.

पातं थांबता थांबता शेवटी एक बारीक आवाज यायचा. टिक. मला वाटलं ब्रेक बसल्याचा आवाज. मी माझ्या खोलीत खुर्चीचे पाय घासत बसलेली असायचे आणि ती टिक आली की खांदे खाली यायचे. किती बरं वाटायचं म्हणून सांगू! रात्री गाढ झोपायला लागले. इतकी, की सकाळी हे चहा करून मला उठवायचे.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी मिस्त्रींनी माझ्या हातावर लोखंडी चकती ठेवली. पात्याच्या दोन्ही बाजूंना असे जाड वॉशर असतात, पातं त्यांच्यामध्ये धरलं जातं आणि वरून नट आवळतात. ही त्यातली बाहेरची चकती. तिच्या जागी दुसरी कुठली तरी चकती त्यांनी तात्पुरती लावली होती.

"झिजलीय," म्हणाले. "जुन्या बाजारात अशी मिळाली तर बघ. घाई नाही."

"तुम्ही का नाही जात?"

"चाळीस स्टुलांचे पाय कापायचेत. आज द्यायचेत." आणि वर, "सावकाश ये. आरामात." माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हाच खटकायला हवं होतं मला, पण मी पिशवी घेतली आणि निघाले.

पहिलं दुकान काचेच्या दाराचं. आतला मुलगा कॉम्प्युटरसमोर बसलेला. मॉडेल नंबर विचारला. मी म्हटलं, सात. पुढे? पुढचं पुसलं गेलंय. त्याने चकती हातात घेऊन अशी फिरवली की जणू मी खणून काढून आणलीय. "मॅडम, ही कंपनीच नाही आता. नवीन मशीनच घ्या ना." मी म्हटलं, "बाळा, माझे यजमानही जुनेच आहेत, त्यांचंही नवीन दाखव." तो लाजला. दुसऱ्या दुकानात बेअरिंगवाल्याने तीन चकत्या काढून दिल्या. जुन्या मशीनची मापं इंचातली, नवी मिलिमीटरमधली. एक शाफ्टवर जाणारच नाही इतकी बारीक भोकाची, दुसरी ढिली, तिसरी पातळ. "ढिली घ्या हो, शाफ्टला पत्र्याची पट्टी गुंडाळा, चालून जातं," म्हणाला. मी विचारलं, "तुमचा हात घालाल तिथे?" तो म्हणाला, "काकू, रागावता काय!" रागावता काय म्हणे.

मग गेले जुनी मशीनं तोडणाऱ्या काकांकडे. पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना डबेच डबे, प्रत्येक डब्यात एकाच जातीचे तुकडे. काका ठेंगणे, हाताला तेलाचा कायमचा रंग. त्यांनी चष्मा लावलाच नाही. चकती अंगठ्याने चाचपली आणि आतल्या कडेवर एके ठिकाणी थांबले.

"इथली खुंटी कुठाय?"

"कसली खुंटी?"

"इथे वाटाण्याएवढी खुंटी होती. शाफ्टला खाच असते, तिच्यात बसते. कधी तुटली?"

मी आठवून पाहिलं. "खाच आहे खरी. पण खुंटी मी तरी कधी बघितली नाही. वडिलांच्या वेळीही अशीच होती चकती."

"आणि मशीन चाललं?"

"चाललं की."

"हं. आपलं आपण थांबणारं असेल, म्हणून." ते डबे उचकू लागले. "मोटर तीच?"

"नाही, नवी," मी म्हटलं, आणि देवाशपथ, अभिमानाने म्हटलं. "ब्रेकवाली. सहा आकड्यांत थांबतं आता."

काकांचा हात डब्यातच राहिला.

"आणि चकती ही? बिनखुंटीची?"

"हो. का?"

त्यांनी एक लांब बोल्ट घेतला, त्यावर एक जड चकती घातली, वरून नट आवळला. बोल्ट दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखा गरकन फिरवला आणि मुठीत गच्च पकडला. बोल्ट थांबला. चकती थांबली नाही. ती तशीच थोडी पुढे सरकली आणि सरकताना नटालाही आपल्याबरोबर घेऊन गेली. टिक.

"बघितलंत? जड पातं लगेच थांबत नाही, शाफ्ट थांबतो. खुंटी असली की चकती शाफ्टला बांधलेली, मग नटाला काही होत नाही. खुंटी नसेल तर दर ब्रेकला नट केसभर सैल. एकदा बंद केलं तर काही नाही. दिवसातून शंभरदा केलं तर..." त्यांनी पुन्हा फिरवून पकडलं. टिक. पुन्हा. टिक. पाचव्यांदा नट बोल्टवरून खाली पडला आणि डब्यांमध्ये घरंगळत गेला.

ती टिक. तीन आठवडे जिच्या भरवशावर मी झोपले ती टिक. आणि चाळीस स्टुलांचे पाय, म्हणजे एकशे साठ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर बंद करायचं. कोणी कबूल करून घेतलं होतं? मी. ब्रेक कोणी आणला? मी.

"फोन करा घरी," काका म्हणाले.

केला. फोन माझ्या पॉलिशच्या खोलीत, कपाटावर, भुशापासून लांब. वाजत राहिला. ती बारीक घंटा त्यांना कुठली येणार! पुन्हा केला. पुन्हा वाजत राहिला. काका मागून ओरडले, "अहो, खुंटीची चकती मी बनवून ठेवतो, माप आहे माझ्याकडे!" तोवर मी रस्त्यावर आले होते.

रिक्षा मिळाली आणि चौकात अडकली. पुढे कुणाची तरी गाडी बंद पडली होती. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी बसल्या जागी मोजत होते. एक तुकडा कापायला किती? वीस आकडे. बंद, सहा. चालू. म्हणजे मी इथे बसल्याबसल्या किती वेळा टिक झाली असेल? रिक्षावाला म्हणाला, "होईल मोकळं, आरामात बसा." मी त्याच्या अंगावर ओरडले आणि उतरून पळत सुटले. या वयात, साडीचा बोंगा हातात धरून! लोक बघत होते. बघू देत. मला समोर फक्त ती चकचकीत थाळी दिसत होती, शाफ्टवरून सुटून टेबलावर आलेली. देवा, आज नको, एवढंच तोंडात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच म्हातारीचा आवाज आला. चालू होती. जिवात जीव आला म्हणावं, तर तो आवाज नेहमीचा नव्हता. मी जन्मभर ऐकलाय तो. त्याच्या खाली काहीतरी कापरं होतं, थंडी वाजल्यासारखं. मी दारात पोचले तेवढ्यात बंद झाली. पाच, सहा. टिक. आज ती टिक चांगली मोठी होती. आणि मी खोलीत पाऊल टाकते तोवर परत चालू.

दोरीवर माझा हात पडलाही होता. कान गेल्यापासूनची सवय, काही झालं की दोरी. ओढणार, तेवढ्यात डोक्यात आलं. फडकं हललं की हे हात वर घेणार, दाराकडे बघणार, मला बघून आधी काय करणार? बटण बंद. आणि बटण बंद म्हणजे ब्रेक.

दोरी सोडली. मोटरवाल्याची ती उणीव आठवली, आणि मी दाराजवळच्या मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी धरून खाली ओढला.

दिवे गेले, पंखा गेला. मागच्या खोलीत वरच्या झरोक्यातून तेवढा उजेड येत होता. ब्रेक लागला नाही. पातं फिरत राहिलं, सुईईई, अगदी आईच्या वेळेसारखं. एक, दोन, तीन.

आणि मग मला दारातून मिस्त्री दिसले. वीज गेली म्हणून त्यांनी वर दिव्याकडे बघितलं. हातातलं लाकूड बाजूला ठेवलं. त्यांना वाटलं, गेली वीज, थांबलं पातं. तीन आठवडे सहा आकड्यांची सवय मीच लावली होती ना! अंधूक उजेडात पातं थांबल्यासारखंच दिसत होतं. त्यांच्या मागच्या कापाचा तुकडा पात्याच्या कडेला पडला होता. त्यांनी हात पुढे केला.

ओरडून उपयोग नव्हता, माझी बारीक किंकाळी त्यांना आलीच नसती. पळत जाऊन धरायचं, तर मागून हात लावायचा नाही. मी मागे वळले, दोरी धरली आणि अशी हिसडली की फडक्याचा खिळाच निघाला. फडकं भिंतीवरून सुटून त्यांच्यासमोर टेबलावर पडलं.

त्यांचे दोन्ही हात वर गेले. दाराकडे बघितलं. मी हात उभारून "थांबा" केलं आणि मोजायला लागले, मोठ्याने, जाड आवाजात, त्यांना माझे ओठ दिसतील असं. पंधरा. सोळा. ते तसेच उभे राहिले, हात वर, शरण आल्यासारखे. फडक्याचं एक टोक पात्याच्या दिशेला पडलं होतं. पात्याच्या वाऱ्याने ते फडफडत होतं आणि ते फडफडणं त्यांनी बघितलं. थांबलेल्या पात्याला वारा कुठून येणार? तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. चाळीसला माझा आवाज फाटला. सत्तरला दाते दिसायला लागले. एकशे दहा.

मी म्हटलं, "नट बघा."

त्यांनी टेबलाखालचं झाकण काढलं. किल्ली लावलीच नाही. नटाला दोन बोटं लावली आणि तो फिरला, बाटलीच्या झाकणासारखा. चार वेढ्यांत हातात आला.

मी तिथेच भुशात बसले. मग त्यांना सगळं सांगितलं, खुंटी, ब्रेक, काकांचा बोल्ट. माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, असं म्हणत राहिले. मिस्त्री नट तळहातावर घेऊन बसले होते. म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"सैल होतोय ते. चौथ्या दिवशीच हाताला कळलं. टेबल थरथरायला लागतं. ब्रेक बसल्यापासून, हेही कळलं. का ते नव्हतं कळलं, वाटलं चकतीच झिजली असेल. रोज सकाळी आवळायचो, मग तासातासाला. आज पायांच्या नादात दहा वाजल्यापासून विसरलो."

मी भुशातून उठले. "आणि बोलला नाहीत? वॉशर झिजलाय म्हणून मला पिटाळलंत? जीभ झडली होती का तुमची?"

"सांगितलं असतं तर तू ब्रेक काढायला लावला असतास."

"लावलाच असता!"

"मग पुन्हा जागी राहिली असतीस," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला घोरताना ऐकलं मी. म्हणजे, ऐकलं नाही. गादीला हात लावून कळलं."

मेलं ते झोपणं! मी रडले, भांडले, दोन्ही एकदमच. त्यांना मूर्ख म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. आणि मी काय करत होते? मला ती टिक गोड लागत होती. कान माझे होते ना? एकदा तरी त्यांना म्हणायचं होतं, अहो, असा असा आवाज येतो, काय असेल हो? ब्रेक मी आणला होता, म्हणून त्याच्याबद्दल शंका काढायला माझं मन तयार नव्हतं.

काकांची चकती दोन दिवसांनी मिळणार होती. स्टुलांचे पाय त्याच दिवशी द्यायचे होते, शंभरावर तुकडे उरले होते. मी म्हटलं, आग लागो त्या स्टुलांना. मिस्त्रींनी ब्रेकच्या पेटीची तार सोडवली, नट गच्च आवळला, मला दाखवला, मला किल्लीने ओढून बघायला लावलं. फडक्याला नवा खिळा मारला. मग दोन खोल्यांमधल्या दारात माझ्यासाठी स्टूल ठेवलं, जिथून मला पातं दिसेल आणि त्यांना मी.

पहिला तुकडा कापला. बटण बंद केलं. दोन पावलं मागे आले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पात्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एकेक आकडा तोंड उघडून म्हणत होते. त्यांच्या कोपरांवरून दिसत होतं की मागे हात थरथरताहेत. एवढ्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. कदाचित पूर्वीही थरथरत असतील, मी पात्याकडेच बघत असायचे.

"एकशे आठ. एकशे नऊ. एकशे दहा," मी म्हटलं. "थांबलं. घ्या आता तुकडा."

त्यांनी हात सोडले नाहीत.

"आणखी दहा मोज," मिस्त्री म्हणाले. "आरामात."